सात नंबरच्या मशीनमधला राक्षस

विश्वास बसायचा नाही तुमचा, पण मी राक्षसाशी समोरासमोर बोललेला माणूस आहे. आमच्या डब्यांच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या सात नंबरच्या मशीनमध्ये त्याचा मुक्काम होता. वेल्डर म्हणायचा, हा सैतान. त्याने वर क्रूस टांगला. पेंटर म्हणायचा, जिन्न. त्याने कुराणातली आयत चिकटवली. फिटरने ब्रह्मराक्षस ठरवून काळा दोरा बांधला. एरवी चहातल्या साखरेवरून भांडणारे हे तिघे, पण राक्षस आहे यावर त्यांचं एकमत! मी तिथला मेस्त्री, सगळ्यांकडून काम करून घेणारा. एके दुपारी तो पत्र्यातून वर आला आणि म्हणाला, "मेस्त्री, एक हात दे." मी म्हटलं, "घे की माझा." त्याने हुंगला आणि तोंड वाकडं केलं, "शी, कडू आहे!" आणि शेजारच्या ऑपरेटरचा उजवा हात मनगटापासून ओढून नेला. बिचारा महिनाभरात गेला.

हे मी त्या ऑपरेटरच्याच मुलीला सांगत होतो. उद्यापासून ती सात नंबरवर उभी राहणार होती. म्हटलं, पोरीने जपून असावं.

तिने मशीनच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीकडे बोट दाखवलं.

"मेस्त्रीकाका, पुढची जाळी लावलेली असली की हात आत जातच नाही. मी आत्ताच घालून पाहिला. जाळी काढली की शिफ्टला दोनशे डबे जास्त निघतात म्हणे. बाबांना ती काढायला कुणी लावली होती? राक्षसाने?"