सुंदरी, बाहेर ये!

"शेवटी मरतं कोण?" नागलक्ष्मी मामींनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

"तुम्ही," नंदिता म्हणाली. "पायसात विष असतं."

"घालतं कोण?"

"अम्मा."

मामी खुदकन हसल्या. "तुझ्या अम्माचं पायसम? त्यास विष कशास लागतं?"

नंदिताचा जीव भांड्यात पडला. महिनाभर ती ही भेट टाळत होती.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं आणि मामींचं घर लागून होतं, मधे एकच भिंत. अम्मा आणि मामी यांच्या भांडणात तिचं सगळं बालपण गेलं. पुढे चेन्नईला जाऊन ती दिग्दर्शक झाली आणि पहिल्याच चित्रपटासाठी तिनं तेच भांडण उचललं. नावं बदलली, पण गल्लीतल्या कुणीही दोघींना ओळखलं असतं. म्हणून निर्मात्याला दोघींच्या सह्या हव्या होत्या. अम्मानं न वाचताच सही केली होती.

लहानपणी नंदिता संध्याकाळी गाण्याच्या शिकवणीला जायची. परत येताना गल्लीच्या तोंडापासूनच मामींचा आवाज ऐकू यायचा. "सुंदरी, बाहेर ये! माझ्या पायरीवर पाणी सोडतेस?" कधी कढीपत्ता तोडला म्हणून, कधी दारातला रांगोळीचा कोलम पुसला म्हणून. अम्मा बाहेर आलेली असायची, केस सुटलेले, तोंड रडून लाल. मराठीत सुरू झालेलं भांडण शिव्यांवर आलं की तमिळमध्ये जायचं. शेजारी कॉफीचे पेले घेऊन ओट्यांवर येऊन बसत.

अप्पा, म्हणजे राममूर्ती, पापनाशमच्या नोकरीवरून नुकतेच परतलेले असत. दारात उभं राहून ते सगळ्यांची माफी मागत. त्यांचा चढलेला आवाज गल्लीनं कधी ऐकला नाही. देवमाणूस, लोक म्हणत, आणि पदरात काय पडलंय पाहा. नंदिता मान खाली घालून गर्दीतून घरात शिरायची. त्या वेळी तिला दोघींचाही सारखाच राग यायचा.

"अप्पांस कसं दाखवलंस?" मामींनी विचारलं.

"तेच खरे हीरो, मामी. लोकांना सगळ्यात जास्त तेच आवडणार."

मामींनी कागद मांडीवर ठेवला. मग त्यांनी तमिळमध्ये सही केली.

"सुंदरीच्या शेजारची खुर्ची मज ठेव," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणास देऊ नको."

नंदिताला हे ऐकून धडकीच भरली. सहा वर्षांपूर्वी अप्पा गेले, तेव्हापासून दोघी एकदाही भांडल्या नव्हत्या. दुःखानं अम्माची रग जिरली, असं नंदिताला वाटायचं. आता हा चित्रपट बघून पुन्हा सगळं पेटलं तर? चार लोकांत?

तिनं अम्माला फोनवर विचारलं, "मामी तुझ्या शेजारी बसायचं म्हणतात. चालेल ना?"

"बसू दे."

"भांडणार नाही ना तुम्ही?"

"आता कशास भांडू?" अम्मा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी चित्रपट सगळीकडे लागणार होता. त्याआधीच्या रविवारी सकाळी गल्लीतल्या लोकांसाठी तंजावूरच्या एका थिएटरात खेळ ठेवला होता. पडद्यावर पहिलीच अक्षरं आली, 'अप्पांस अर्पण'. टाळ्या पडल्या.

मग लोक हसायला लागले ते थांबेचनात. नंदिता पडद्याकडे बघतच नव्हती. तिची नजर पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर होती. पडद्यावरच्या मामीनं भिंतीवरून केरसुणी भिरकावली तेव्हा खऱ्या मामींच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतक्या त्या हसल्या. अम्माही हसत होती.

अप्पांचं काम करणारा नट दारात आला, लोकांची माफी मागू लागला. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. अम्माचं हसू थांबलं. ती खुर्चीत मागे सरकली. तेवढ्यात मामींनी तिचं मनगट घट्ट धरलं.

झालं, सुरू होणार आता. नंदिता अर्धवट उठली. पण दोघी तशाच बसून राहिल्या, आणि मामींनी मनगट काही सोडलं नाही. पायसम खाऊन पडद्यावरची मामी कोसळली, तेव्हा सगळं थिएटर हसलं. या दोघी हसल्या नाहीत.

दिवे लागले. नंदिता माईक घेऊन पुढे आली. गल्लीतले निवृत्त मास्तर भरद्वाज उठून उभे राहिले.

"राममूर्ती आज असते तर!" ते म्हणाले. "इतकी वर्षं हा तमाशा सोसला, पण घराबाहेर कधी एक वावगा शब्द काढला नाही त्यांनी. पोरीनं बापाचं नाव राखलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नंदिताच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत ती हसली.

"पण एक सांग," भरद्वाज म्हणाले, "मूळ कारण काय गं? चूक कोणाची होती?"

"मलाही कधी कळलं नाही, मास्तर." नंदितानं वाकून माईक अम्मापुढे धरला. "अम्मा, आता तरी सांगून टाक. सगळं संपलंय."

अम्मानं मामींकडे पाहिलं. मामींनी मान हलवली. सांग, की नको सांगू, ते नंदिताला कळलं नाही. अम्मा उभी राहिली. मनगट अजून मामींच्या हातात होतं.

"कारण काहीच नव्हतं," ती म्हणाली.

लोक खो खो हसले. हसणं ओसरेपर्यंत अम्मा थांबली. मग लेकीकडे बघत, रोजच्याच आवाजात म्हणाली,

"तुझे अप्पा मज मारायला लागले की हीस भिंतीतून ऐकू यायचं. ही भांडायला आली, लोक जमले, की ते थांबायचे."