टिकल्यांची भिंत

"काकू, एकही बटण दिसत नाही म्हणून तर या घराला बक्षीस मिळालंय. आणि तुम्ही भिंतभर टिकल्या चिकटवल्यात!" घर बांधणाऱ्या कंपनीचा तरुण तपासनीस नखाने टिकल्या खरवडू लागला.

"ती हिरवी राहू दे," खाटेवरच्या नवऱ्याकडे बघत कुंदाकाकू कडाडल्या. "तिच्याखाली यांच्या ऑक्सिजनचं बटण आहे. परवा ते सापडेपर्यंत यांचे ओठ निळे पडले होते."

"नियम म्हणजे नियम, काकू." त्याने हिरवी काढली, दाराजवळचीही काढली आणि निघाला, पण गुळगुळीत भिंत चाचपडतच राहिला. "दार... कुठून उघडतं?"

काकूंनी कपाळावरची टिकली काढून भिंतीवर मघाच्याच जागी दाबली. दार उघडलं.

"चालता हो! आणि पुन्हा एकीला जरी नख लावलंस, तर गाठ माझ्याशी आहे."