रसेल टाकेटचे रिटर्न

“टुरिस्ट व्हिसाचं आता विसरा, एडिताताई,” नेनिता म्हणाली. “दोनदा नाकारलाय. बायको म्हणून कायमचं जायचं, तर नवऱ्याचे टॅक्सचे कागद लागणारच.”

फिलिपिन्समधल्या ओलोंगापोच्या बाजारात, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून नेनिता अमेरिकन नवऱ्यांच्या बायकांचे फॉर्म भरून द्यायची. एडिताची फाइल जवळजवळ पुरी झाली होती. लग्नाचा दाखला होता, रसेलच्या पासपोर्टची प्रत होती, मुलीच्या पासपोर्टचीही होती.

“त्याने टॅक्स कधी भरलाच नाही गं,” एडिता म्हणाली. “म्हणतो, मी इथे राहतो, इथले मासे धरतो, तिकडच्या सरकारचं काय खातो?”

“सगळे गोरे हेच म्हणतात. जगात कुठेही राहा, त्यांना रिटर्न चुकत नाही. पण घाबरू नका, एवढ्याशा कमाईवर देणं शून्यच निघेल. मागची तीन वर्षं भरून टाकू. आधी तिकडच्या टॅक्स खात्याकडून लेखी आणू, की याच्या नावावर काही नोंद नाही. या अर्जावर त्याची सही तेवढी आणा.”

रसेल अंगणात बोटीचं इंजिन उघडून बसला होता.

“सही कर,” एडिता म्हणाली.

“हात काळे आहेत.”

“धू.”

“उद्या करतो.”

“पाच आठवडे तुझं उद्या चाललंय. दंडाची भीती वाटते का? नेनिता म्हणते, शून्य निघेल.”

“शून्य काढायला त्यांना माझं नाव कशाला हवं?” तो म्हणाला आणि पाना शोधू लागला.

एडिता त्याच्यासमोर पायरीवर बसली. “आपली मारिव्हिक तिकडे अमेरिकेत रात्रपाळी करते. नात शेजारणीकडे झोपते. काल कॅमेऱ्यावर मिका मला विचारत होती, लोला, तू त्या डब्यातून बाहेर कधी येणार? तीन वर्षांची झाली रे. अजून मी तिला उचललेलं नाही.”

रसेलने पाना खाली ठेवला. “तू गेलीस तर मला भात कोण वाढेल?”

“तूही चल. तुझाच तर देश आहे.”

“तिकडे माझं कोण आहे?”

ते खरंच होतं. एकतीस वर्षांत तिकडून त्याला एक पत्र आलं नव्हतं. अमेरिकन नौदलाचा तळ उठला तेव्हा बाकीचे गोरे बायकांना रडवून गेले. हा मागे राहिला. आळीतल्या बायका अजून एडिताला म्हणायच्या, तू नशीब काढलंस.

सकाळी तो समुद्रावर गेल्यावर एडिताने पत्र्याची पेटी उघडली. त्याच्या जुन्या अमेरिकन कार्डावरचा टॅक्सचा नंबर अर्जात उतरवला आणि खाली त्याची सही ठोकली. विजेचा अर्ज, बोटीचा परवाना, मारिव्हिकचं प्रगतिपुस्तक, सगळीकडे ही सही तिनेच केलेली. त्याच्यापेक्षा तिलाच ती चांगली जमायची.

सात आठवड्यांनी नेनिताचा निरोप आला.

“बसा,” नेनिता म्हणाली. लिफाफा तिच्यासमोर फोडलेला होता. “रिटर्न भरलंय हो. तिन्ही वर्षं. वेळेवर.”

एडिता हसू लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. “पाहिलंस कसा आहे? आतल्या गाठीचा. मी भुणभुण करतेय आणि हा बसलाय इंजिन पुसत. मग झालं ना काम? आता तारीख कधी मिळेल?” तिच्या डोक्यात सामान भरायलाही लागलं होतं. सुका आंबा घ्यायचा. मिकाच्या पायाचं माप विचारायचं.

नेनिताने पान उलटलं. “यात पगार दाखवलाय.”

“कसला पगार?”

“ओहायोमधल्या एका शाळेचा. बस चालवण्याचा. तिन्ही वर्षांचा, पूर्ण.”

“चुकलं असेल त्यांचं. तो मनिलाच्या पुढे गेलेला नाही. गेल्या वर्षी तर पाय मोडून चार महिने घरात पडून होता, मीच उठबस केली.”

“मलाही चूकच वाटली. म्हणून सगळं ताडून पाहिलं. नंबर तोच, नाव तेच.” नेनिताने चष्मा काढला. “आणि बायकोचंही नाव आहे, ताई. डोरीन.”

एडिताने तो कागद स्वतःकडे ओढला. “म्हणजे याची तिकडे बायको आहे?” तिने सावकाश विचारलं.

“तो तर इथे होता म्हणता ना,” नेनिता म्हणाली. “मग ती बस कोण चालवतंय?”

खाली न्हाव्याचं यंत्र घुरघुरत होतं. नेनिताने फाइलीतून मारिव्हिकच्या पासपोर्टची प्रत काढली, घडी करून त्या लिफाफ्यात घातली आणि लिफाफा एडिताच्या हातात दिला.

“पोरीला तिकडचं नागरिकत्व बापाच्या याच नावावर मिळालं ना? मग ही माझ्याकडे नको. आणि मी हे काही वाचलेलं नाही.”

एडिता चालतच घरी आली. भाड्याच्या जीपनी थांबल्या, हाका मारून गेल्या, तिने हात केला नाही.

तो नळापाशी मासे साफ करत होता. “कुठे होतीस? भात गार झाला.”

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याने वर पाहिलं. तिच्या हातातला सरकारी लिफाफा दिसला तसा त्याचा सुरा थांबला. हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही. नळ वाहत राहिला.

एडिताने त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

“तुझं नाव काय?” तिने विचारलं.