विहिरीला पाणी

डोळ्यांसमोर आणा बरं, बाळांनो: अंगणात विहीर आहे, पण पाच वर्षं कोरडी ठणठणीत. पलीकडच्या खाणीतले पंप जमिनीतलं सगळं पाणी उपसून घेतात. “पंप थांबले तर विहीर भरेल, पण आम्ही खाली बुडू,” खाणीत उतरणारे बाबा पोरीला सांगायचे.

खाणीत पाणी घुसून बाबा आत अडकले, त्याला आठ दिवस झाले. “पंप चालूच आहेत, वहिनी. धीर धरा,” मुकादम रोज आईला सांगून जायचा.

आज सकाळी शेजारची काकू आनंदाने ओरडली, “अगं, विहिरीला पाणी आलं! बाबा आले की मनसोक्त अंघोळ करतील!”

पोरीने विहिरीत बादली सोडली, भरून वर ओढली, लांब रस्त्यावर नेऊन ओतली आणि पुन्हा सोडली.