आत जागा नाही

"अरे, सोडणार आहेस की नाही आम्हाला?" ताई फोनवर कडाडली. "कधीची लाल दिव्याला सडतेय मी!"

वाहतुकीच्या कंट्रोल रूममध्ये मी डोक्याला हात लावून बसलो होतो. आमचा नियम साधा आहे. शहराच्या मध्यभागातून जेवढ्या गाड्या बाहेर पडतील, तेवढ्याच आत सोडायच्या. सकाळपासून गाड्या मोजणारं यंत्र एकच सांगत होतं, आत जागा नाही. कॅमेऱ्यात मात्र आतल्या रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. साहेबांना सांगून सांगून थकलो. त्यांचं एकच, "यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

शेवटी माझं डोकं फिरलं. ताईच्या नाक्यावरचा सिग्नल मी स्वतःच हिरवा केला. तिची पिवळी गाडी निघाली, वळली, आणि पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्यात आलीच नाही.

"ताई, कुठे आहेस?"

"चौकात. आणि हे काय रे? इथे गाडीला गाडी चिकटलीय!"

माझ्यासमोर पडद्यावर तोच चौक होता. रिकामा.

"पण एकही हॉर्न वाजत नाहीये," तिचा आवाज एकदम खाली आला. "सगळे काचा खाली करून वर बघतायत. तुझ्या कॅमेऱ्याकडे."