जावेच्या मयताची वाट

नेत्साईने मेलेल्या जावेचा झगा अंगावरून उतरवला आणि जावेच्या नवऱ्याचा कोट चढवला, तेव्हा ढोल वाजवणाऱ्याचा हात अडखळला.

तोवर सगळं रीतीला धरून चाललं होतं. मयताच्या दिवशी घरच्या सुनांना सगळं माफ असतं. त्यांनी मेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, वाटेल त्याला टोमणे मारायचे. त्याचा राग धरणाऱ्याच्या घरातून पितर उठून चालते होतात, असं म्हणतात. नेत्साईने जावेचं, वोंगाईचं, फेंगडं चालणं केलं, मक्याच्या पिठाचा साद्झा घोटताना बेसूर गाण्याची तिची खोड केली. रडून सुजलेल्या बायका तोंडावर हात धरून हसल्या. सासूसुद्धा हसली.

मग हा कोट. नेत्साई छाती काढून चालली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, धान्याच्या कोठीमागे गेली, खिशातून काहीतरी काढून गपकन गिळलं. आणि थेट जावेच्या नवऱ्याच्या, गारिकाईच्या, घोगऱ्या आवाजात बोलली, "डोकं दुखतंय गं. तू नको घेऊस, ही पुरुषांची डोकेदुखी आहे."

लोक पोट धरून हसले. गारिकाई तेवढा हसला नाही.

वोंगाई गरोदरपणभर खोकत होती. हातापायांच्या काड्या आणि मध्ये भोपळ्यासारखं पोट. दवाखान्याचं नाव काढलं की सासू अंगावर यायची. तिथे प्रत्येक गरोदर बाईचं बोट टोचतात, मग गावभर जिभा चालतात. आमच्या सुना घरीच बाळंत होतात, म्हणायची. नेत्साईला पाचवा महिना लागला होता, तिलाही हेच ऐकवलं होतं. बाळंत झाल्यावर वोंगाईचा ताप उतरेना. कोठीतल्या मक्यात तिला नवऱ्याची गोळ्यांची बाटली सापडली होती. ती तिने गुपचूप नेत्साईच्या हातात दिली आणि दवाखान्यात पिटाळली. सिस्टरने बाटली फिरवून पाहिली आणि एवढंच विचारलं, "आणि बायकोने कधी सुरू केल्या?"

एचआयव्हीच्या गोळ्या होत्या. गरोदरपणात वोंगाईला मिळाल्या असत्या, तर त्या खोकल्याचा क्षय होऊन तिला खाऊन टाकायची वेळ बहुतेक आली नसती, आणि बाळालाही जपता आलं असतं. सिस्टर म्हणाली, अजून वेळ आहे, बाळ-बाळंतिणीला लगेच आण. नेत्साई पोट सावरत पळत सुटली. अंगणाशी पोचली तेव्हा बायकांनी हंबरडा फोडला होता.

ती रडली नाही. दिवसभर एखादी बाई विळा दगडावर घासते, तशी ती स्वतःला धार लावत बसली होती.

दफनाला निघालेली शवपेटी वाटेतल्या मुसासाच्या झाडाखाली टेकवतात, मेलेल्याला दम खाऊ द्यायला. तिथेच सुना वाट अडवून बसतात. त्यांचं मागणं पुरं झाल्याशिवाय पेटी उचलायची नाही, ही वाडवडिलांची रीत. बाकीच्या सुनांनी साखर मागितली, कोंबडी मागितली, मिळाली, उठल्या. नेत्साई कोट घालून, पाय पसरून, पोट पुढे काढून वाटेच्या मधोमध बसून राहिली.

"मला कोंबडी नको," ती म्हणाली. "भाऊजींनी त्यांच्या डोकेदुखीचं खरं नाव चारचौघांत सांगावं."

पाद्री स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. गारिकाईचा सदरा काखेत भिजला. त्याने आईकडे पाहिलं. नेत्साईला ते पाहून गार वाटलं. अख्ख्या गावासमोर त्याला सोलायचा, आणि सावकाश सोलायचा, असं तिने ठरवलं होतं.

सासू पुढे आली. सुनेच्या कोटाची कॉलर नीट करायच्या मिषाने वाकली आणि तिच्या कानात गोड आवाजात बोलली, "बस हो, हवी तेवढी बस. त्या गोळ्यांची मी एक बाटली नव्हते आणत. दोन आणायचे. दुसरी तुझ्या नवऱ्याची."

नेत्साईने मान वळवली. तिचा नवरा तापेरा पेटीची कडी धरून उभा होता. मातीत सुई पडल्यासारखा खाली बघत होता. पोटातलं बाळ वळलं.

ती उठली. सासूने सुटकेचा निःश्वास सोडला आणि पेटी उचला म्हणून हात केला.

पण कोट तिने उतरवला नाही. नकलेचा तो पोशाख अंगात होता तोवर तिला सगळं माफ होतं, तिच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बायकांच्या घोळक्यातून तिने जावेचं तान्हं मूल उचललं, पाठीशी घट्ट बांधलं आणि परत येऊन त्याच जागी बसली.

"आई, मागणं वाढलंय," ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की ढोल वाजवणारासुद्धा पुढे सरकला. "बैलगाडी जुंपा. हे बाळ, मी आणि तुमचे दोन्ही मुलगे आधी दवाखान्यात जाऊन येतो, तिथे सगळ्यांची बोटं टोचून घेतो. वोंगाई थांबेल इथे. तिला आता कसली घाई?"