त्यांच्याच आवाजात

गळ्याच्या भोकावरचं फडकं सावरत रघुनाथराव मोबाइल घेऊन बसले. कॅन्सरपायी स्वरयंत्र काढावं लागलं, पण डॉक्टरांनी त्याआधीच त्यांचा आवाज रेकॉर्ड करून घेतला होता. आता टाइप केलेलं सगळं मोबाइल त्यांच्याच आवाजात बोलणार होता.

उभा जन्म बायकोला त्यांनी ‘अगं ए’ म्हणूनच हाक मारली. नाव घ्यायची लाज वाटायची. दवाखान्यात ती उशाशी बसून नळी साफ करायची, तेव्हा नाव ओठांवर यायचं, पण आवाज गेला होता.

त्यांनी तेच टाइप केलं.

“कुमुद!” मोबाइल खणखणीत बोलला.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

“सूनबाई, बघ गं जरा,” आतून ती म्हणाली, “यांचा मोबाइल बिघडलाय. हे कसले मला नावानं हाक मारतायत!”